कानाची ओळख, मनाची आवड

हैदराबादच्या वरातीत मरफ्याचा ताल घुमू लागला की पाय आपसूक थिरकतात. निजामाच्या फौजेतल्या सिद्दी आणि अरब सैनिकांनी हा ताल इथे रुजवला. नवख्या कानाला मात्र तो आधी गोंगाटच वाटतो. असं का?

संगीत ऐकताना मेंदू पुढच्या सुराचा, ठोक्याचा अंदाज बांधत असतो. अंदाज जुळला की आनंद होतो. ओळखच नसेल, तर अंदाज बांधणार कसा? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं, की नुसत्या वारंवार भेटीनेही अनोळखी गोष्ट आवडू लागते.

म्हणून कव्वाली असो वा कर्नाटक संगीतातली त्यागराजांची कृती, पहिल्याच ऐकण्यात निकाल देऊ नका. चार वेळा ऐका. कान तयार होतो.