उशिरा आलेलं मूल (वर्गात नांदताना : लेखांक ७)

नालासोपाऱ्याच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "शिक्षा नको हे पटतं. पण रोज उशिरा येणाऱ्या पाच-सहा मुलांचं काय करायचं? त्यांना सोडलं तर उद्या सगळा वर्गच उशिरा येईल."

आपल्या वसईत हा प्रश्न आता हलक्याने घेता येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई पूर्वेच्या एका शाळेत सहावीतल्या मुलीला उशीर झाला म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. त्यानंतर आठवडाभरात ती मुलगी दगावली. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवेल. पण उशिराला उठाबशा हा हिशोब आपल्यापैकी कितीतरी जणांना आजवर अगदी स्वाभाविक वाटत आला आहे, हे नाकारता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांत बाकावर उभं करणं, डोक्यावर दप्तर देऊन उभं करणं, गुडघ्यांवर बसवणं हे सगळं शारीरिक शिक्षेतच धरलं आहे.

आता दारातल्या मुलाकडे बघू. घामाघूम झालेलं, दप्तर एका खांद्यावर. "बाई, आत येऊ का?" म्हणताच सगळा वर्ग वळून बघतो. बाई विचारतात, "का उशीर?" एवढ्या डोळ्यांसमोर खरं कोण सांगेल? "रिक्षा मिळाली नाही," असं काहीतरी सांगून ते मोकळं होतं. खरं कारण घरात असतं. आई फुलं घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला गेलेली असते, बाबा रात्रपाळीहून यायचे असतात आणि धाकटीची वेणी घालून, तिला सोडून मगच थोरलीला निघता येतं. अर्नाळा-पाचूबंदरच्या कोळीवाड्यांतही आई बाजाराला गेली की घर थोरल्या मुलीवर असतं.

म्हणून दारात कारण विचारूच नये. पहिल्या दहा मिनिटांसाठी फळ्यावर एक छोटं काम लिहून ठेवावं : कालच्या धड्यावरचा एक प्रश्न, एखादं शाब्दिक उदाहरण. सगळा वर्ग गप्प बसून ते करत असतो. उशिरा आलेल्या मुलाने मानेनेच परवानगी घ्यावी, बसावं आणि फळ्याकडे बघून वही उघडावी. कुणाचा तास मोडत नाही, कुणाची शोभा होत नाही. मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला गाठून दोनच प्रश्न विचारावेत : काय झालं, आणि उद्या वेळेवर यायला काय करता येईल? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्याचं उत्तर मुलाने द्यायचं असतं.

काही मुलं नाक्यावर रेंगाळतात, हेही खरं. माझ्या वर्गातल्या अशाच एका आठवीतल्या मुलाकडे प्रार्थनेआधी फळ्यावर सुविचार लिहायचं काम दिलं. अक्षर सुरेख होतं त्याचं. तो वेळेवर येऊ लागला, कारण शाळेत त्याची वाट बघणारं काहीतरी होतं.

मुलांच्या अडचणी ओळखून शाळाच बदलण्याच्या बाबतीत आपल्याच जिल्ह्याने देशाला वाट दाखवली आहे. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ काम करत होत्या. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून थोरली घरी राहते, हेही त्यांनी ओळखलं आणि पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला कडेवर घेऊन थोरलीला शाळेत येता आलं. राज्य सरकारलाही फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगावं लागलं, कारण मुलांची झोप पुरी होत नव्हती. वेळ बदलणं म्हणजे शिस्त सोडणं नव्हे.

तर नालासोपाऱ्याच्या बाई, सगळा वर्ग उशिरा येणार नाही. मुलांना आपल्या सोबत्यांबरोबर असायला आवडतं आणि वर्गात काही घडत असेल तर ते चुकवायला नको असतं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. फाटक बंद करून मुलांना रस्त्यावर ताटकळत ठेवू नका. एक महिना उशिराची वही ठेवा आणि शेऱ्याच्या जागी फक्त कारण लिहा. महिनाअखेरीस शिक्षक सभेत ती वही मोठ्याने वाचा आणि मगच उशिराचा नियम करा.