नऊ नंबरचा पंखा

सकाळी 7.50
सारक्की सिग्नलला आज फार अडकले नाही, त्यामुळे चहा पोटात घालून कॅज्युअल्टीत शिरता आलं. बंगळुरूच्या जे. पी. नगरातलं हे खासगी हॉस्पिटल. इमर्जन्सीत अकरा खाटा, बारावा पेशंट आला की तो ट्रॉलीवरच.

रात्रीचा डॉक्टर हँडओव्हर देताना चार नंबरपाशी अडखळला. 84 वर्षांच्या आजी, स्मृतिभ्रंश, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. पहाटे तीनला अँब्युलन्सनं आल्या, श्वास संपत आलेला. त्यानं नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. मुलगी मागून रिक्षानं वीस मिनिटांनी पोचली. तिच्या पिशवीत घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. आईनं शुद्धीत असताना सांगितलं होतं, मला मशीनवर ठेवू नका.

त्याच्या जागी मी असते तर मीही नळी घातली असती. खोट आमच्या दारात आहे. आमच्या फॉर्मवर ॲलर्जीसाठी ओळ आहे, विम्यासाठी तर तीन आहेत. ‘मशीनवर ठेवण्याबद्दल घरी काही बोलणं झालंय का’ एवढं विचारायला मात्र जागा नाही.

सकाळी 9.15
स्कूटरवरून पडून मोडलेला कोपर. तापाची तीन पोरं. ‘गॅस झालाय’ म्हणत आलेले एक गृहस्थ, ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. त्यांना वर कॅथलॅबला पाठवलं. ही कामं हातांना पाठ आहेत.

सकाळी 10.30
मंगळवारी शिकाऊ डॉक्टरांना पंधरा मिनिटं शिकवायचं असतं. आज हृदयाचे ठोके शिकवायचे होते. चार नंबरमुळे विषय बदलला.

सुरुवात अरुणा शानभागपासून केली. उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची मुलगी, मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका. नोव्हेंबर 1973 मध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि मे 2015 मध्ये न्यूमोनियानं जाईपर्यंत ती त्याच हॉस्पिटलात पडून होती. केईएमच्या सिस्टर्सनी तिला ज्या मायेनं सांभाळलं त्याला तोड नाही. 2011 मध्ये तिला मरू द्यावं असा अर्ज सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला, पण निरर्थक उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालानं किलकिली केली. मग 9 मार्च 2018 चा पाच न्यायमूर्तींचा निकाल: सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग. मला मशीनवर ठेवू नका असं आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्राला तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून ते करायला फारसं कुणी धजावत नव्हतं. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात 2024 मध्ये असं पहिलं इच्छापत्र उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीच नोंदवलं. कर्नाटक सरकारनं 30 जानेवारी 2025 ला आदेश काढून हॉस्पिटलांना ही पद्धत आखून दिली.

‘मग आपण काय करायचं?’ एका पोरीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असं पहिलं मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, प्रत्येकाला शक्यतो 48 तासांत निर्णय द्यायचा. हे आयसीयूच्या घड्याळाला धरून केलेलं आहे. आमच्या दारात माणूस येतो तेव्हा हातात दहा मिनिटं असतात. नळी न घालणं आणि घातलेली काढणं कायद्याच्या लेखी एकाच मापाचं. मुलाबाळांच्या मनात ते तसं कधीच नसतं: न घालणं म्हणजे देवाची मर्जी, काढणं म्हणजे आपला हात. म्हणून त्या दहा मिनिटांत खरं बोलणारा कुणीतरी हवा, एवढंच तिला सांगता आलं.

दुपारी 12.40
78 वर्षांचे एक आप्पा आले. सांगलीकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. फुप्फुसाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. महिन्यापूर्वी एका डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलं, पण घरी नेऊन करायचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा इथं सातव्या फेजमध्ये राहतो, कॉम्प्युटर कंपनीत आहे. बापाला शेवटच्या आजारात परक्या मुलखात आणल्याचं ओझं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सॅच्युरेशन 78. मानेच्या शिरा ताणलेल्या, दर श्वासाला खांदे वर. ब्रदर कन्नडमध्ये विचारत होता, ‘नोवु इदेया, अज्जा?’ आप्पा नुसतेच त्याच्याकडे बघत होते. मी बेळगावची, दोन्ही भाषा घरातल्याच. खाली वाकून म्हटलं, ‘आप्पा, दुखतंय का?’ ते वळले. म्हणाले, ‘दुखत न्हाई गं. दम पुरंना झालाय.’

मुलाला पडद्याआड नेलं. आधी मी काही सांगत नाही, विचारते: डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय? तो बराच वेळ फाइल उलटत राहिला. मग म्हणाला, ‘फार दिवस नाहीत.’ तो शब्द त्याच्या तोंडून आला की पुढचं सोपं नसतं, पण खोटं उरत नाही. मी म्हटलं, नळी घातली तर ते आयसीयूत असतील, हातपाय बांधलेले, बोलता येणार नाही. कॅन्सर जिथं आहे तिथंच राहील. नाही घातली तर दम कमी करायला औषध देऊ, तुम्ही जवळ बसाल. उपचार सोडतोय असा अर्थ काढू नका, उपचार बदलतोय. त्यानं पुण्याच्या बहिणीला फोन लावला. ती आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, ‘आप्पांनाच विचारा की.’

आम्ही इतके जण होतो आणि हे सुचलं फोनवरच्या बाईला. विचारलं. आप्पा म्हणाले, ‘नळ्या नगं. जरा वारं घाल.’

केसपेपरवर आप्पांचे शब्द, बोलणं आणि वेळ लिहून घेतलं. वरच्या तज्ज्ञांना खाली बोलावून त्यांचंही मत आणि सही घेतली. मग मॉर्फिन. किल्ली सिस्टरकडे, रजिस्टरमध्ये नोंद, अँप्युलमधले 2 मिलिग्रॅम शिरेतून, उरलेलं दोन सह्यांनी फेकायचं. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा सैल झाला तरी या बाटलीचा धाक गेलेला नाही. इतक्या कमी मात्रेनं माणूस मरत नाही, श्वासाची धास्ती उतरते. हे नव्या सिस्टरला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. दुसरं औषध वारा. चेहऱ्यावर थेट झुळूक आली की दम कमी वाटतो. आमच्याकडे एसी आहे, पंखा नाही. बिलिंग काउंटरचा टेबलफॅन उचलून आणला.

आप्पांना भिंतीकडच्या नऊ नंबरवर हलवलं. पडदा ओढला, मॉनिटरचा आवाज बंद केला, मुलाला स्टूल दिलं. वीस मिनिटांनी खांदे खाली आले.

दुपारी 3.30
दहीभात खाता खाता फोन. आप्पांना घरी न्यायचं तर मुलाच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, खुर्चीवर बसवून चौथ्या मजल्यावर न्यावं लागेल. करुणाश्रयचा विचार केला. मराठहळ्ळीकडचं हे हॉस्पिस 1999 पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांना एक पैसा न घेता सांभाळतंय, आणि या शहरात मला सगळ्यात भरवशाची वाटणारी जागा तीच. पण या वेळी सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमधून जायचं म्हणजे आप्पा अँब्युलन्समध्ये, सिग्नलला जातील. इथंच राहू द्या म्हटलं. खाट अडवल्याबद्दल वरून एक फोन आला, मी तो पुरता ऐकला नाही.

संध्याकाळी 5.00
चार नंबरच्या आजींना आयसीयूत हलवलं. पहिल्या मंडळाचे कागद सुरू झाले. चिठ्ठीवर ना साक्षीदार ना नोटरी, म्हणजे कायद्यानं ते इच्छापत्र होत नाही. पण मुलीच्या संमतीनं तीच वाट चालता येते. दुसरं मंडळ, मग अंमल करण्याआधी मॅजिस्ट्रेटना कळवायचं. मुलगी मला एवढंच म्हणाली, ‘मॅडम, ती चिठ्ठी मी हातातच धरायला हवी होती.’

संध्याकाळी 6.10
आप्पांचे श्वास लांबले. घशात घरघर होती, त्यावर इंजेक्शन दिलं, एका कुशीवर वळवलं. केरळची सिस्टर ओल्या कापसानं ओठ भिजवत होती. सुनेनं डबीतून तुळशीचं पान आणलेलं, ते जिभेवर ठेवू का म्हणून तिनं विचारलं, जणू ते आमच्या परवानगीचं काम. मुलानं फोन आप्पांच्या कानाला धरला. पुण्याहून मुलगी काहीतरी बोलत होती, बहुतेक कुठल्याशा गावच्या घराबद्दल.

श्वास थांबला तेव्हा सकाळच्याच पोरीचे दोन्ही हात आपसूक छातीकडे गेले. अर्ध्यावर थांबले. मग तिनं ते पांढऱ्या कोटाच्या खिशात घातले.

संध्याकाळी 6.45
फॉर्म 4. मृत्यूच्या कारणात त्याच पोरीनं ‘कार्डिॲक अरेस्ट’ लिहिलं होतं. तो मरण्याचा प्रकार झाला, कारण नव्हे. प्रत्येकाचंच हृदय थांबतं. खोडून कॅन्सर लिहायला लावलं. मुलगा विचारत होता, बनशंकरीच्या स्मशानात न्यावं की सांगलीला. मी त्याला बसवून पाणी दिलं आणि म्हटलं, बहीण निघालीय का ते आधी विचारा.

रात्री 7.55
हँडओव्हर. नऊ नंबर रिकामा, चादर बदललेली. बिलिंगचा पोरगा पडद्याशी घुटमळत होता. ‘मेडम, फॅन?’ दिला. त्याच्या काउंटरवर एसीचा वारा पोचत नाही, त्याचंही बरोबरच होतं.

निघण्याआधी स्टोअरचा इंडेंट भरला. टेबलफॅन, 2 नग. पाय न डगमगणारी स्टुलं, 4. ‘कारण’ या रकान्यात काय घालावं ते पटकन सुचेना. शेवटी लिहिलं: दम लागणाऱ्या पेशंटसाठी.