कृष्णकमळाची छाटणी

कृष्णकमळाची वेल लावल्यानंतर पहिली काही वर्षे भरभरून फुलते आणि पुढे, मांडवावर पानांचा दाट पडदा तयार झालेला असतानाच, फुले मात्र कमी होत जातात, असा अनुभव महाराष्ट्रातील अंगणांत आणि गच्च्यांवर सर्रास येतो. त्याचे कारण बहुधा मातीत किंवा खतात शोधले जाते. वस्तुतः ते पुष्कळदा वेलीच्या फुलण्याच्या रीतीतच असते. ही रीत ध्यानात आली, की छाटणी केव्हा करावी, किती करावी आणि कोठे हात आवरावा, हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही.

मराठीत कृष्णकमळ या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेली पॅसिफ्लोरा या प्रजातीत मोडतात. लिनीअसने १७५३ मध्ये शास्त्रीय नाव दिलेल्या या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील आहेत. फुलाच्या तंतुवलयात, म्हणजे पाकळ्यांच्या आत असलेल्या बारीक धाग्यांच्या झालरीत, महाराष्ट्राने शंभर कौरव पाहिले आणि पाच पुंकेसरांत पांडव. स्पॅनिश धर्मप्रसारकांना त्याच झालरीत येशूचा काटेरी मुकुट आणि त्याच पाच पुंकेसरांत त्याच्या पाच जखमा दिसल्या. फूल जेमतेम एक दिवस टिकते, त्यामुळे बहर लांबायचा तर वेलीला रोज नवी कळी पुरवत राहावे लागते.

ही कळी येते ती पर्णकक्षात, म्हणजे पान जेथे देठाने फांदीला जोडलेले असते तेथील बेचक्यात. बहुतेक जातींत या एकाच जागी आधाराला विळखा घालणारा तणावा, फुलाची कळी आणि पुढे फांदी होऊ शकणारा डोळा अशा तीन गोष्टी निर्माण होऊ शकतात. मात्र कळी धरते ती त्या हंगामात वाढत असलेल्या कोवळ्या फांदीवर. जून, तपकिरी झालेल्या कांड्यावर पुन्हा कळी येत नाही, तेथे फार तर एखादा सुप्त डोळा शिल्लक राहतो. शिवाय वाढता शेंडा ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या दिशेने पाठवून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. परिणामी न छाटलेली वेल शेंड्याशेंड्याने दूर पळत राहते, फुले मांडवाच्या पलीकडे किंवा शेजाऱ्याच्या गॅलरीत उमलतात आणि मालकाच्या वाट्याला नुसता सांगाडा येतो. शेंडा कापला, की हे दडपण उठते, खालचे दोन-तीन डोळे फुटतात आणि प्रत्येक नव्या फुटीबरोबर कळ्यांच्या नव्या जागा तयार होतात.

नाशिक-सांगलीकडील द्राक्ष बागाईतदारांच्या छाटणीशी याची तुलना केली, तर भेद अधिक स्पष्ट होतो. द्राक्षात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीच्या डोळ्यांत घडाची गर्भधारणा आधी होते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो घड बाहेर पडतो, म्हणून कोणत्या डोळ्यावर कापायचे याला तेथे फार महत्त्व असते. कृष्णकमळात असे पूर्वसंचित नसते. त्यामुळे डोळा चुकला तरी फारसे बिघडत नाही. हंगाम चुकला तर मात्र बिघडते.

महाराष्ट्राच्या हवामानात मुख्य छाटणीला योग्य वेळ थंडी ओसरल्यावरची, म्हणजे साधारण फेब्रुवारीतील, कारण त्यानंतर फुटणाऱ्या फांद्यांना पावसाळी बहरापूर्वी वाढायला पुरेसा अवधी मिळतो. भर पावसात मोठे काप घेतल्यास ते सुकत नाहीत आणि बुरशीला वाट मिळते. मे महिन्यात वेल उघडी केल्यास सावलीत वाढलेले खोड उन्हाने करपते. पावसाळी बहर संपल्यावर ऑक्टोबरात फुलून गेलेले शेंडे हलकेच खुडण्यास हरकत नाही.

प्रत्यक्ष छाटणीत आधी वाळलेल्या आणि गुंतलेल्या फांद्या काढाव्यात. तणावे एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की कापलेली फांदी लगेच ओढल्यास तिच्यासोबत चांगली फांदीही तुटते. म्हणून खाली काप देऊन दोन-चार दिवस थांबावे, जे कोमेजेल ते आपोआप ओळखू येते. त्यानंतर तीन ते पाच मुख्य फांद्यांचा सांगाडा राखून त्यांवरील उपफांद्या चार-पाच डोळ्यांवर, धारदार आणि स्वच्छ सिकेटरने, डोळ्याच्या किंचित वर कापाव्यात. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक वेल काढणे धोक्याचे असते. छाटलेला पाला शेळ्यांना घालू नये, कारण अनेक जातींच्या पानांत सायनाइड मोकळे करणारी संयुगे असतात.

वेल पूर्णपणे वाळल्यासारखी दिसते, तेव्हा घाई हा तिचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो. नखाने सालीचा पापुद्रा शेंड्याकडून बुंध्याकडे ठिकठिकाणी खरवडून पाहावा. आत हिरवा ओलसर थर दिसला तर तो भाग जिवंत आहे, आणि काप त्याच्या वरच्या बाजूस घ्यावा. जुने, निष्पर्ण, जाड खोड एकदम बुंध्यापर्यंत कापल्यास काही जाती मुळापासून फुटतात, तर याच प्रजातीतील पॅशनफ्रूटची वेल अनेकदा फुटतच नाही, म्हणून जुन्या वेलीचे नूतनीकरण दोन हंगामांत विभागून करणे शहाणपणाचे. या काळात पाणी बेताने द्यावे, कारण पाने नसलेली वेल फारसे पाणी उडवू शकत नाही आणि चिखलात मुळे कुजतात. खतही फुटवे दिसल्यानंतरच द्यावे. नत्राचा मारा केल्यास पालाच माजतो. कुंडीतील वेल असेल, तर छाटणीबरोबरच कडेने गोल फिरलेली मुळे कापून ताजी माती भरल्याशिवाय वरच्या छाटणीचा लाभ दिसत नाही.

छाटणीने न सुटणाऱ्या अडचणीही आहेत. माती ओली असतानाही वेल मान टाकत असेल आणि बुंध्याजवळचा काप आतून तपकिरी दिसत असेल, तर तो फ्युजेरियम या बुरशीमुळे होणारा मर रोग असू शकतो; अशी वेल उपटून नष्ट करावी आणि त्या जागी पुन्हा तीच लावू नये. उलट पाने एकाएकी खाल्ली गेली, तर वेल मेली असे समजण्याचे कारण नाही. टॉनी कोस्टर या नारिंगी फुलपाखराच्या काटेरी अळ्या या वेलीवर पोसल्या जातात, आणि त्या गेल्यावर सशक्त वेल पुन्हा पालवते.

छाटलेल्या फांद्यांतील निरोगी, ना फार कोवळे ना फार जून असे भाग वेचून वीतभर लांबीचे, तीन डोळ्यांचे तुकडे करावेत आणि खालची पाने काढून वाळूमिश्रित मातीत सावलीत लावावेत. त्यांना साधारण महिनाभरात मुळे फुटतात. पॅशनफ्रूटची वेल अल्पायुषी असल्याने दर छाटणीला अशी दोन-तीन रोपे हाताशी ठेवणे इष्ट असते. फळे हवी असल्यास ही रोपे एकाच वेलीची न ठेवता दुसऱ्या वेलीचीही मिळवावीत, कारण अनेक जातींत स्वतःच्या परागाने फळ धरत नाही आणि भुंग्याने दुसऱ्या वेलीचा पराग आणावा लागतो.