वेधविवरांचे दफ्तर आणि प्राचीन समुद्र

पुण्यात बुधवार पेठेच्या जमिनीखाली वेधविवर उतरविले, तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरामागून थर लागतील. आणि त्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसॉल्टात किरणोत्सर्गी द्रव्ये अत्यल्प असल्यामुळे गॅमा किरण मोजणारे उपकरण तेथे बहुधा मौनच पाळील. ज्या गाळखडकांची जबानी घेण्याजोगी आहे, ते मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, ‘मुंबई हाय’च्या समुद्रतळाखाली आहेत, जेथे फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन-मंचाने खनिज तेलाचा शोध लावला. तेथील मायोसीन कालखंडातील चुनखडकात त्या उपकरणाने रेखाटलेली गॅमाची रेषा खाली उतरते, कारण निर्मळ, उथळ, उबदार समुद्रात सूक्ष्म जीवांच्या कवचांपासून साचलेल्या त्या खडकात पोटॅशियम व थोरियम क्वचितच सापडतात. मध्येच रेषा उसळली, की ती द्रव्ये बाळगणाऱ्या चिखलाचे पाणी तेथवर पोहोचले होते, असा दाखला मिळतो.

वाळूच्या खडकांत रेषेचा घाट अधिक बोलका असतो. वर जाताना कण बारीक होत जाऊन घाट घंटेसारखा दिसला तर नदीच्या पात्राचा, आणि कण जाडे होत जाऊन नरसाळ्यासारखा झाला तर समुद्रात पुढे सरकणाऱ्या त्रिभुज प्रदेशाचा संशय घ्यावा. संशयच म्हणावयाचा, कारण वाळूचा किनाराही तसेच नरसाळे रेखाटतो, आणि निवाडा अखेर विवरातून काढलेल्या खडकाच्या गाभ्याकडे व त्यातील जीवाश्मांकडेच सोपवावा लागतो.

गॅमाची नव्हे, पण वेधविवरातील पहिली विद्युत्-नोंद ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुंबर्जे बंधूंच्या मंडळीने घेतली.