हेडसेट बदलताना आधी भिंतीला हात लावा

एचपीचा रिव्हर्ब जी-टू २०२०च्या अखेरीस बाजारात आला, तेव्हा पीसीवर व्हीआर गेम खेळणाऱ्यांनी त्याला अक्षरशः डोक्यावर घेतले. एकेका डोळ्यासमोर २१६० गुणिले २१६० पिक्सेलचा पडदा होता आणि विमान किंवा मोटार चालवण्याच्या खेळांत मीटरवरचे आकडे नीट वाचता यायचे. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२४मध्ये, विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती आली आणि ज्यांनी ती घेतली त्यांचा संगणक या हेडसेटला ओळख देईनासा झाला. काच फुटली नव्हती की वायर तुटली नव्हती. ज्या 'विंडोज मिक्स्ड रिॲलिटी'वर तो चालायचा, ती बंद करणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३मध्येच सांगून टाकले होते. सॅमसंग, एसर, लेनोवो, डेल यांचे त्याच कुळातले हेडसेटही त्याच्याबरोबर गेले.

म्हणून बदली हेडसेट शोधायला निघण्याआधी जुना नेमका कशाने गेला, ते पाहावे. सॉफ्टवेअरने गेला असेल तर अजून एक दार उघडे आहे. मायक्रोसॉफ्टमध्येच काम करणाऱ्या एका इंजिनिअरने २०२५मध्ये, कंपनीच्या वतीने नव्हे तर स्वतःच्या हौसेने, 'ओएसिस' नावाचा ड्रायव्हर लिहून स्टीमवर फुकट ठेवला. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल तर रिव्हर्बसारखे हेडसेट त्यावर पुन्हा चालतात. वायरने गेला असेल तर ती वायर सुटी मिळते का, हे आधी विचारा. ऑक्युलस रिफ्टसारख्या बंद पडलेल्या मॉडेलची वायर मिळवणे महाकठीण. आणि पडद्यावर पिवळट किंवा काळा डाग पडला असेल, तर बहुधा हेडसेट खिडकीत भिंगे वर करून ठेवला गेला होता. ऊन भिंगातून उलटे आत शिरते, पडद्यावर एका ठिपक्यात गोळा होते आणि काही मिनिटांत तो भाजून काढते. याला दुरुस्ती नाही. नवा हेडसेटही त्याच खिडकीत ठेवणार असाल, तर कितीही महागाचा घ्या, त्याची गत तीच.

आता भिवंडीतल्या नारपोलीचे बोलू. ठाणे-मुंबईकरांच्या ऑनलाइन खरेदीतला मोठा माल भिवंडीच्या गोदामांतून सुटतो. अंजूरफाट्यापासून मानकोलीपर्यंतच्या पट्ट्यात जगभरचे खोके एखादी रात्र तरी मुक्काम करतात. पण हेडसेटचे परीक्षण करणारी मंडळी ज्या प्रशस्त, शांत, कोऱ्या भिंतींच्या खोल्यांत बसून गुण देतात, तशा खोल्या इथे फारशा नाहीत. इथे खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. खोली दहा बाय दहाची, तीत कॉट, कपाट आणि डोक्यावर पंखा. हवेत सुताचे तंतू. अशा घरासाठी हेडसेट निवडताना यादीतले गुण बऱ्याचदा उलटेपालटे होतात.

सर्वात मोठी उलथापालथ होते ती ट्रॅकिंगमध्ये. डोके आणि हात खोलीत कुठे आहेत, हे यंत्राला दोन रीतींनी कळते. पहिली रीत 'बेस स्टेशन'ची. एचटीसी व्हाइव्ह, वाल्व्ह इंडेक्स, बिगस्क्रीन बियॉन्ड हे हेडसेट तिच्यावर चालतात. भिंतीवर उंच बसवलेल्या डब्यातून अदृश्य अवरक्त लेझरची पट्टी खोलीभर फिरत राहते. पहिल्या पिढीच्या डब्यातला रोटर सेकंदाला ६० फेऱ्या घेतो. हेडसेटवर ठिकठिकाणी प्रकाश टिपणारे बारीक डोळे असतात. पट्टी कोणत्या डोळ्यावरून कोणत्या क्षणी गेली, यावरून कोन काढायचा. ६० फेऱ्यांच्या वेगात एक अंश सरकायला पट्टीला जेमतेम ४६ मायक्रोसेकंद लागतात. इतक्या बारीक वेळेवर सारे उभे असल्याने या पद्धतीची अचूकता आजही वाखाणली जाते. बहुतेक परीक्षणांत तिला पैकीच्या पैकी गुण असतात.

अट एकच. डबा हलता कामा नये. आपल्याकडच्या साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे फेकला जातो, आणि प्रत्येक फेक पायापासून भिंतीत चढते. नारपोलीत राहणाऱ्याला ही थरथर जाणवेनाशी झालेली असते. तपासायचे असेल तर माग चालू असताना स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी घेऊन ती भिंतीला लागून असलेल्या फळीवर ठेवा आणि पाण्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. रेघ सरळ राहिली तर ठीक. ती दातेरी झाली तर त्या भिंतीवर बेस स्टेशन बसवू नका. हिशेब सोपा आहे: डबा अंशाच्या दहाव्या भागाने जरी कलला, तरी तीन मीटरवर पाच मिलिमीटरची चूक होते. गेममध्ये बंदुकीची नळी धरलेला हात सतत पाच मिलिमीटर थरथरत असेल, तर नेम लागणार नाही आणि थोड्या वेळात डोके गरगरेल. शिवाय कपाटाचा आरसा आणि मांडणीवरची चकचकीत भांडी लेझर परत फेकतात, मग यंत्राला दोन-दोन डबे दिसू लागतात. आरशावर चादर टाकता येते. मागावर काय टाकणार?

दुसरी रीत हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांची. मेटाचे क्वेस्ट आणि सोनीचा पीएसव्हीआर-टू असेच चालतात. कॅमेरे खोलीतल्या खुणा, म्हणजे खिडकीचा कोपरा, कॅलेंडर, स्विचबोर्ड, टिपतात आणि त्यांच्या आधाराने स्वतःची जागा ठरवतात. भिंतीवर काही बसवायचे नसल्याने मागाची थरथर तिथे आड येत नाही. उलट परीक्षकाच्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीपेक्षा आपली भरगच्च खोली कॅमेऱ्याला जास्त आवडते. हात पाठीमागे गेला की कॅमेऱ्याला तो दिसत नाही, एवढी उणीव आहे, ती सोसावी. त्यामुळे खाली माग असेल तर पहिला निकाल इथेच लागतो. बेस स्टेशनवाले हेडसेट, बिगस्क्रीन बियॉन्डसारखे सव्वाशे ग्रॅमचे नाजूक नवलसुद्धा, यादीतून काढा.

दुसरा प्रश्न चित्र पीसीपासून डोळ्यापर्यंत कसे पोहोचते, हा. क्वेस्ट-थ्रीचे उदाहरण घ्या. एका डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल, म्हणजे दोन्ही मिळून ९१ लाखांहून जास्त. सेकंदाला ९० चित्रे आणि प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे २० गिगाबिट माहिती होते. डिस्प्लेपोर्ट १.४ची वायर २५.९ गिगाबिट वाहू शकते, म्हणून पीएसव्हीआर-टू किंवा रिव्हर्बसारख्या डिस्प्लेपोर्टच्या हेडसेटला चित्र जवळपास जसेच्या तसे मिळते. क्वेस्टला मात्र डिस्प्लेपोर्टच नाही. वायफायवरून त्याला सेकंदाला साधारण १०० ते २०० मेगाबिट मिळतात, म्हणजे मूळ माहितीचा शंभरावा ते दोनशेवा भाग. गोदामात कापडाच्या गाठी दाबून बांधतात तसे चित्र आधी दाबायचे, पाठवायचे आणि हेडसेटमध्ये उलगडायचे. दुकानदार सांगतो, "वायफायची कटकट नको तर यूएसबीची वायर लावा," पण त्या वायरीतूनही दाबलेलेच चित्र जाते. पाच गिगाबिटच्या यूएसबीत २० गिगाबिट मावत नाहीत. वायरीने अडथळे कमी होतात आणि बॅटरीला थोडा टेकू मिळतो, चित्र काही कोरे होत नाही. झाडांची पाने, गवत, धूर अशा बारीक हालचालीच्या ठिकाणी हा दाब डोळ्याला दिसतो. भिंती आणि गाड्यांच्या खेळात फारसा दिसत नाही.

दाबण्या-उलगडण्यात वेळही जातो. डोके वळल्यापासून चित्र वळेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या आत काम झाले तर मेंदू फसतो, असा या धंद्यातला जुना दंडक आहे. वायफायवर एकूण विलंब त्याच्या दुप्पट-तिप्पट होतो, पण हेडसेट शेवटच्या क्षणी डोक्याच्या ताज्या कोनानुसार चित्र सरकवून घेतो, म्हणून आपल्याला कळत नाही. राउटर अडखळला की मात्र लगेच कळते, आणि आधी पोटाला कळते. यावर उपाय स्वस्त आहे. पीसी ते राउटर लॅनची वायर टाका. हवेतला प्रवास फक्त राउटर ते हेडसेट एवढाच ठेवा, तोही एकाच खोलीत आणि ५ गिगाहर्ट्झवर. भारतात हा पट्टा २०१८ साली मोठ्या प्रमाणात खुला झाला. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या चार घरांची गर्दी असते, तिथे हा खेळ होत नाही.

इथेच वाल्व्हच्या नव्या यंत्राचा विषय येतो. २०१९च्या इंडेक्सनंतर वाल्व्हने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी 'स्टीम फ्रेम' जाहीर केला. त्याच्यासोबत पीसीला लावायचे वायरलेस डोंगल मिळते आणि ते ६ गिगाहर्ट्झवर बोलते. डोळे जिथे पाहताहेत तेवढाच भाग स्वच्छ पाठवायचा आणि कडेचा भाग जास्त दाबायचा, ही त्याची युक्ती मोठी हुशारीची आहे. आपल्या देशात ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागातली परवान्याची अट काढण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५मध्ये काढला. परदेशातून येणाऱ्या भाच्याकडून फ्रेम मागवणार असाल, तर इथल्या नियमांत डोंगलचा पट्टा बसतो की नाही, ते आधी पाहून घ्या.

भिंगांविषयी थोडे. जुन्या हेडसेटचे भिंग ट्यूबलाइटखाली तिरके धरले की त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी वर्तुळे दिसतात. ही फ्रेनेल भिंगे. ऑगस्टिन फ्रेनेलने १८२०च्या दशकात दीपगृहांसाठी काढलेली ही युक्ती काच पातळ करते, पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली की त्या वर्तुळांवरून उजेडाच्या रेषा फुटतात. क्वेस्ट-थ्रीतली 'पॅनकेक' भिंगे प्रकाशाला आतल्या आत मागेपुढे उडवतात. त्यामुळे हेडसेट चपटा होतो आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ दिसते. किंमत उजेडात चुकवावी लागते: अर्धपारदर्शक आरशावर प्रकाश दोनदा निम्मा होतो, म्हणजे उत्तमोत्तम भिंगातूनही एक चतुर्थांशापेक्षा जास्त बाहेर पडत नाही. शेजारच्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२मध्ये शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे जादूच्या कंदिलाचे, खेळ सुरू केले, तेव्हापासून भिंग आणि दिवा यांची ही ओढाताण या खाडीकाठाला ठाऊक आहे. पीएसव्हीआर-टूने फ्रेनेल भिंगे ठेवली आणि मागे ओएलईडी पडदा दिला; अंधाराच्या, भुताखेतांच्या खेळात त्याचा काळा रंग खरोखर काळा असतो. क्वेस्टच्या एलसीडीत तो राखाडी दिसतो.

खोक्यावर ठळक छापलेल्या पिक्सेलपेक्षा एका अंशात किती पिक्सेल मावतात, हे विचारावे. चांगल्या नजरेला एका अंशात ६० वेगळे ठिपके ओळखता येतात. २०१६च्या रिफ्टमध्ये जेमतेम डझनभर होते, क्वेस्ट-टूमध्ये २०, क्वेस्ट-थ्रीमध्ये २५. मजल अजून निम्मीही झालेली नाही. पण रिफ्टपेक्षा साडेतीनपट पिक्सेल रंगवायचे आणि एका चित्राला ११ मिलिसेकंदच हातात, म्हणजे जुन्या ग्राफिक्स कार्डाला घाम फुटणार. हेडसेटच्या पैशांत कार्डाचे पैसे धरले नाहीत, तर नव्या पडद्यावर जुनेच धुरकट चित्र दिसेल.

आणि ज्याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही ते: दोन बाहुल्यांमधले अंतर. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटर असते, पण ५४ ते ७४ असा फरक सर्रास आढळतो. क्वेस्ट-थ्रीला चाक आहे, भिंगे हवी तिथे नेता येतात. स्वस्तातल्या थ्रीएसला ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे. तुमचे अंतर ६० किंवा ६५ असेल तर थ्रीएसमध्ये कायमचे थोडे धूसर, आणि तासाभराने कपाळ ठणकणार. चष्म्याच्या दुकानात 'पीडी' विचारले की दोन मिनिटांत मोजून देतात. दूरचा चष्मा असलेल्यांना हेडसेटमध्येही नंबर लागतो, कारण पडदा डोळ्याजवळ असला तरी भिंगामुळे चित्र मीटर-दीड मीटरवर असल्यासारखे दिसते. चाळिशीचा चष्मा मात्र बहुतेकांना काढून ठेवता येतो.

मग घ्यायचा कोणता? टेबलावरच्या पीसीत बऱ्यापैकी कार्ड असेल आणि मागे डिस्प्लेपोर्ट असेल, तर माझे मत पीएसव्हीआर-टूला. डिसेंबर २०२३मध्ये तो भारतात ५८ हजारांच्या आसपास आला आणि ऑगस्ट २०२४मध्ये सोनीने पीसीला जोडायचा ॲडाप्टर काढला. डोळ्यांचा मागोवा, एचडीआर आणि हेडसेटमधली कंपने पीसीवर चालत नाहीत, हे समजून घ्या. लॅपटॉप असेल आणि त्याला फक्त एचडीएमआय असेल, तर हा मार्ग बंद. कनव्हर्टर लावून काम होत नाही. तिथे क्वेस्ट-थ्री आणि दोन-तीन हजारांचा वेगळा राउटर. थ्रीएस फक्त पीडी त्या तीन आकड्यांजवळ असेल तरच. रिव्हर्ब किंवा रिफ्ट एस कुणी अर्ध्या किमतीत देऊ केला तरी हात जोडून नको म्हणा.

ऑर्डर देण्यापूर्वी तीन गोष्टी करा: पीसीच्या मागचा पोर्ट टॉर्च लावून पाहा, पीडी मोजून घ्या, आणि कंट्रोलर धरल्यासारखा हात सरळ वर करून पंखा किती उंचीवर आहे ते बघा. सुताचे तंतू भिंगावर बसले की फुंकर मारून उडवा, मग कोरडे मायक्रोफायबर फडके फिरवा; आधी फडके घासले तर ओरखडा पडतो. आणि खोका, बिल निदान वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका.