लकडगंजच्या भुशातला प्रश्न

लकडगंजमध्ये शिरले, की डोळ्यांआधी नाकाला पत्ता लागतो. चिरलेल्या सागाचा वास, आरामशीनचा कर्कश आवाज आणि हवेत तरंगणारा भुसा. त्या भुशात आयुष्य काढणाऱ्यांच्या फुप्फुसांचे काय होत असेल? एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला संशोधनाचा विषय हवा असेल, तर त्यासाठी मुंबई गाठायला नको. मेयो रुग्णालयापासून लकडगंज काही फार लांब नाही.

संशोधन म्हटले, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘आणि परीक्षेचे काय?’ तो रास्तच आहे. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली सुरू केलेली अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती पालकांनाही ठाऊक असावी. काम दोनच महिन्यांचे. आपल्याच महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली प्रस्ताव पाठवायचा, नीतिसमितीची परवानगी घ्यायची, निवड झाल्यास काम करून अहवाल द्यायचा. तो मान्य झाला, की विद्यावेतन आणि प्रमाणपत्र.

खरी अडचण मार्गदर्शक मिळवण्याची. ‘सर, काही संशोधन असेल तर सांगा’ असे विचारणाऱ्याला ‘बघू’ एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा नेमका प्रश्न घेऊन शरीरक्रियाशास्त्र विभागाचे दार ठोठवावे : आरामशीनवरच्या पन्नास कामगारांची श्वसनक्षमता मोजायची आणि त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या, पण भुशात काम न करणाऱ्या पन्नास जणांशी ताडून पाहायची. विडी कोण ओढतो हे टिपले नाही, तर सारी मेहनत वाया. खर्ऱ्याचीही नोंद ठेवावी. नागपुरात ती राहून गेली तर परीक्षकच हसतील!

विषय किरकोळ वाटतो? इंग्लंडमधले हाय विकम हे फर्निचरचे गाव. तिथल्या कारागिरांत नाकाचा एक दुर्मीळ कर्करोग वाजवीपेक्षा जास्त आढळतो, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढे १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय नोंद झाली.

मात्र शेठची परवानगी मिळाली म्हणजे कामगाराची मिळाली, असे समजू नये. त्याला त्याच्या भाषेत सगळे सांगावे, नाही म्हणण्याची मोकळीक द्यावी. तपासणी जेवणाच्या सुट्टीत करावी, रोजी बुडता कामा नये. आणि कुणाचा श्वास फारच कमी भरला, तर तो आकडा वहीत टिपून निघून न जाता, त्याच्याबरोबर बाह्यरुग्ण विभागापर्यंत जावे.