चित्र कुणाचं चांगलं? डीटीएचच्या दोन दशकांचा मागोवा

घरावर छत्री बसवायची ठरली की दुकानदाराला पहिला प्रश्न चॅनेलांचा असे, दुसरा पैशांचा आणि तिसरा चित्राचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पत्रकावर छापलेली असत. तिसऱ्याचं उत्तर दुकानदार तोंडी देई, आणि ज्या कंपनीचं कमिशन जास्त तिचं चित्र त्याच्या मते काचेसारखं स्वच्छ असे. भारतात डीटीएच सुरू होऊन वीस वर्षं उलटून गेली, कंपन्या आल्या, गेल्या, एकमेकींत विलीन झाल्या, पण हा तिसरा प्रश्न कधी नीट सुटला नाही. मागे वळून पाहताना लक्षात येतं की त्याचं उत्तर कंपनीच्या नावात नव्हतंच. उपग्रहावर किती जागा घेतली आणि त्या जागेत किती चॅनेल कोंबले, या हिशेबात ते दडलेलं होतं.

सुरुवात मुळात उशिरा झाली. घरोघरी छोट्या छत्रीवर प्रक्षेपण पोचवण्याची तयारी नव्वदच्या दशकातच झाली होती, पण १९९७ मध्ये सरकारने केयू बँडवरच्या या सेवेला बंदी घातली. ती उठली २०००च्या नोव्हेंबरात. त्यानंतर २ ऑक्टोबर २००३ रोजी झी समूहाची डिश टीव्ही सुरू झाली. तिची पहिली काही वर्षं स्टार आणि सोनीच्या चॅनेलांविनाच गेली. स्टारबरोबरचं भांडण दूरसंचार लवादापर्यंत पोचलं. त्यामुळे कुणाचं चित्र चांगलं हा प्रश्न तेव्हा फारसा निघतच नसे. आपल्याला हवं ते चॅनेल दिसतं का, एवढाच मुद्दा होता. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस आणलं. त्यावर ३३ चॅनेल होते आणि महिन्याचं भाडं शून्य.

तुलना होत होती ती केबलशी. केबलवाला मोठ्या छत्र्यांवर चॅनेल पकडून तारेने गच्चीवरून गच्चीवर नेई. वाटेतल्या प्रत्येक जोडाला सिग्नल थोडा पातळ होई, आणि गल्लीच्या टोकाच्या घरी पोचेपर्यंत पडद्यावर मुंग्या आणि माणसामागे माणसाची सावली. महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस होते. आपल्याकडे वीज असली तरी ज्या गल्लीत केबलचा अॅम्प्लिफायर होता तिथली गेली की मालिका अर्ध्यात तुटे. छत्रीने या दोन्ही कटकटी मिटवल्या. इन्व्हर्टर असला की झालं. म्हणून पहिल्या ग्राहकांना डीटीएचचं कुठलंही चित्र चांगलंच वाटलं.

कंपन्यांमध्ये खरी तुलना सुरू झाली ती ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय आल्यावर. तिच्याकडे इन्सॅट-४ए या नव्या उपग्रहावरचे १२ केयू ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन परत पृथ्वीकडे पाठवणारी यंत्रं, होते आणि चॅनेल मोजके. चित्र उठून दिसलं, तिच्या नावाचा बोलबाला झाला. पण त्यामागचं गणित साधं होतं. जुन्या पद्धतीने ३६ मेगाहर्ट्झच्या एका ट्रान्सपाँडरमधून सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट माहिती जाते. त्यात १२ चॅनेल ठेवले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मेगाबिटपेक्षा थोडं जास्त येतं. वीस ठेवले तर दोनही येत नाहीत. बातम्या वाचणारी निवेदिका दोनमध्येही ठीक दिसते, कारण तिच्या मागचा पडदा हलत नाही. पण फलंदाजाने चेंडू सीमेकडे तडकावला आणि कॅमेरा त्याच्या मागे धावला की मैदानातलं गवत हिरव्या लगद्यासारखं होतं, प्रेक्षकांची गर्दी चौकोनी ठोकळ्यांत फुटते. त्यावर उपाय म्हणून एका ट्रान्सपाँडरवरचे चॅनेल आपापसांत बिट वाटून घेतात. ज्याला त्या क्षणी जास्त गरज त्याला जास्त मिळतात. म्हणजे सामना रंगात आला की त्याच ट्रान्सपाँडरवरच्या दुसऱ्या चॅनेलाचा वाटा कमी होऊ शकतो.

इथे उशिरा आलेल्यांचं फावलं. २००७च्या अखेरीस सन डायरेक्ट आली, ऑगस्ट २००८ मध्ये रिलायन्सची बिग टीव्ही, ऑक्टोबरात एअरटेल आणि २००९ मध्ये व्हिडिओकॉन डी२एच. या चौघींनी एमपेग-४ ही नवी पद्धत घेतली. जुन्या एमपेग-२च्या निम्म्या बिटांत तेवढंच चित्र बसवणारी ही पद्धत. सोबत उपग्रहावरून सिग्नल पाठवण्याची नवी रीत घेतली की त्याच ट्रान्सपाँडरमधून सुमारे तीस टक्के जास्त माहिती जाते. डिश टीव्ही आणि टाटा स्काय यांच्यापुढे मात्र लाखो घरांतले जुने डबे, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, होते. पद्धत बदलायची तर प्रत्येक घरात नवा डबा द्यायचा, आणि त्याचा खर्च कुणी करायचा? बाजारात सर्वांत आधी उतरल्याची ही किंमत त्यांनी बरीच वर्षं मोजली.

पण नव्या कंपन्यांनी तरी वाचलेल्या जागेचं काय केलं? ती चित्रासाठी राखून ठेवली असती तर आज या सदरात एखादीचं नाव स्वच्छ अक्षरांत लिहिता आलं असतं. जाहिरातीत चालत होता तो चॅनेलांचा आकडा. शाहरुख डिश टीव्हीसाठी आणि आमीर टाटा स्कायसाठी बोलत असताना मेगाबिटांबद्दल कोण ऐकणार? निम्मी झालेली गरज दुप्पट चॅनेलांनी भरून काढली गेली आणि दोन-तीन वर्षांत सगळ्यांची चित्रं एकाच पातळीवर येऊन बसली. उपग्रहावरची जागाही मागितली की मिळेल अशी नव्हती. परदेशी उपग्रहावरची जागासुद्धा इस्रोच्या अँट्रिक्समार्फत घ्यावी लागे. जुलै २००६ मध्ये इन्सॅट-४सी प्रक्षेपणातच नष्ट झाला. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बीचा वीजपुरवठा अर्ध्यावर आला आणि सन डायरेक्टची सेवा कोलमडली. संपूर्ण क्षमता एकाच डीटीएच कंपनीला दिलेला भारतीय उपग्रह, २४ केयू ट्रान्सपाँडरांचा जीसॅट-२४, अवकाशात जायला जून २०२२ उजाडला. ती कंपनी म्हणजे टाटा स्काय; तोवर तिची टाटा प्ले झाली होती.

तुलनेतली आणखी एक बाब पत्रकावर कधीच छापली गेली नाही: छत्री कुठे तोंड करते. टाटा स्कायचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, डी२एचचा ८८, डिश टीव्हीचा ९५ आणि एअरटेलचा सुरुवातीच्या जागेनंतर १०८.२ अंशांवर. पुण्यातून पाहिलं तर ८३ अंशांवरचा उपग्रह दक्षिणेपासून पूर्वेकडे जेमतेम २७ अंश सरकलेला आणि क्षितिजापासून ६५ अंशांच्या वर. १०८.२ अंशांवरचा मात्र बराच पूर्वेकडे झुकलेला आणि ४५ अंशांच्या आसपास. सोसायटीत सज्जा पूर्वेला की दक्षिणेला, समोर सात मजली इमारत आहे की मोकळं मैदान, यावर अनेक घरांत कंपनी ठरली. उपग्रह जितका खाली तितका सिग्नलचा पावसातून जाणारा रस्ता लांब. केयू बँडच्या लहरी सुमारे अडीच सेंटिमीटरच्या, पावसाचे थेंब त्यांना अडवतात. कोकणात जुलैत मुसळधार पाऊस लागला की पडदा काळा. मोठी छत्री लावल्याने फरक पडायचा. केबलवर मुंग्या आल्या तरी संवाद कानावर पडत. डिजिटलमध्ये अधलं-मधलं काही नाही: चित्र आधी ठोकळ्यांत फुटतं, मग थिजतं, मग सिग्नल नसल्याची पाटी.

चित्रात फरक उरेना तशी स्पर्धा सुविधांवर गेली. २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला आणि चालू कार्यक्रम थांबवणं, मागे नेणं, एक पाहताना दुसरा साठवणं घरात शक्य झालं. एकच टीव्ही असलेल्या घरात आठच्या मालिकेचं आणि सामन्याचं भांडण मिटवण्याचं श्रेय या डब्याला द्यायला हवं. मर्यादा अशी की साठवलेलं सगळं त्याच डब्याला बांधलेलं. डबा बिघडून बदलला की दोन वर्षांची साठवण गेली. पुढे बाकीच्यांनी आपला पेनड्राइव्ह लावून साठवायची सोय दिली, तीही त्याच डब्यापुरती. टाटा स्कायवर सिद्धिविनायकाचं आणि शिर्डीचं दर्शन घरबसल्या होई, आणि अनेक घरांत सकाळी टीव्ही पहिल्यांदा लागे तो त्यासाठी. औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने टीव्हीच्या आतच डीटीएचचा डबा बसवून विकला. रिमोट एक, वायरी कमी. पण कंपनी बदलली की आतला डबा निरुपयोगी. कार्यक्रमांची यादी पडद्यावर दिसू लागली, ही सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत टिकलेली सोय.

एक सुविधा मात्र कागदावरच राहिली. डबा न बदलता कंपनी बदलता यावी, त्यासाठी डब्यात मॉड्यूलची खाच असावी, असं सरकारी नियम सांगत होते. प्रत्यक्षात मॉड्यूल महाग आणि नवा डबा स्वस्त, त्यामुळे त्या खाचेचा वापर जवळपास कुणी केला नाही. कंपनी बदलणं सोपं नसेल तर चित्राची तुलना करून ग्राहक करणार काय?

२०१० मध्ये एचडी आलं. आधी सन डायरेक्ट, मग त्याच वर्षात टाटा स्काय आणि डिश टीव्ही. जुन्या चौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांहून थोडे अधिक बिंदू. एचडीत १९२० गुणिले १०८०, वीस लाखांवर. फरक डोळ्यांना लगेच कळणारा. ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. पण डबा एचडी असला म्हणून चॅनेल एचडी होत नाही. मराठी घरांत तर हा उशीर फारच लांबला. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांची एचडी चॅनेलं आली २०१६ मध्ये. ‘होणार सून मी ह्या घरची’ त्याच वर्षाच्या जानेवारीत संपली होती. म्हणजे ती मालिका अख्ख्या महाराष्ट्राने मोठ्या सपाट टीव्हीवर, अनेकदा एचडीचं भाडं भरून, साध्या चित्रात पाहिली. कंपन्यांमधल्या फरकापेक्षा इंग्रजी-हिंदी आणि मराठी चॅनेलांमधला हा पाच-सहा वर्षांचा फरक कितीतरी मोठा होता, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं फारसं ऐकू आलं नाही. २०१५ मध्ये टाटा स्काय आणि डी२एचने फोरके डबे आणले, त्या वर्षीच्या विश्वचषकातले काही सामने त्यात दिसले. त्यापुढे दाखवायला पुरेसं साहित्यच नव्हतं.

त्यानंतरचा काळ आवराआवरीचा. बिग टीव्ही मिटली. डिश टीव्ही आणि डी२एच मार्च २०१८ मध्ये एक झाल्या, पण दोन उपग्रह आणि दोन दिशांना तोंड केलेल्या छत्र्या तशाच राहिल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायचे नवे दर लागू झाले. शंभर चॅनेलांना १३० रुपये आणि वर कर, त्यापुढे प्रत्येक चॅनेलाचे वेगळे. या नियमात मोजणीसाठी एक एचडी चॅनेल म्हणजे दोन साधे चॅनेल धरले होते. चित्राच्या दर्जाला पत्रकावर आकडा मिळाला तो इथेच, तोही ग्राहकाचं बिल वाढवण्यापुरता. साधारण त्याच सुमारास डीटीएचचे सक्रिय ग्राहक सात कोटींवर होते; २०२५ पर्यंत ते सहा कोटींच्या खाली आले.

गळती दोन वाटांनी झाली. एक वाट फुकटची. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारखे चॅनेल तिथे भेटले आणि साध्या चित्रावर कुणी अडून बसलं नाही. दुसरी वाट इंटरनेटची. तिथे प्रेक्षकाला प्रथमच ४८०, ७२०, १०८० असे पर्याय पडद्यावर दिसले आणि चित्राचा दर्जा आपल्या हाताने निवडता आला. डीटीएचने वीस वर्षांत हे कधी दिलं नाही. तरी एका बाबतीत छत्री अजून पुढे आहे. विकेट पडल्यावर शेजारचा छत्रीवाला आधी ओरडतो, मोबाइलवाल्याला काही सेकंदांनी कळतं.

आज टाटा प्ले, एअरटेल, डिश-डी२एच आणि सन डायरेक्ट यांत निवडायचं तर दुकानातला डेमो पाहू नये, कारण तो खास स्वच्छ चित्रांचाच असतो. ओळखीच्या दोन घरांत एकच एचडी चॅनेल, एकच सामना लावावा आणि धावत्या चेंडूमागचं गवत पाहावं. त्याआधी आपला सज्जा कुठल्या दिशेला आहे ते पाहावं. एवढं केलं की निर्णय बहुतेक होतो. एका चॅनेलाला किती मेगाबिट मिळतात हा आकडा कंपन्यांनी भाड्याशेजारी छापायला सुरुवात केली असती, तर हे सगळं तपासायची वेळच आली नसती. चॅनेल मोजून विकणाऱ्या बाजाराला तो आकडा नको होता, आणि चॅनेल मोजून घेणाऱ्या आपणही तो कधी मागितला नाही.